बाहेरगावचे शिकारी, बदकांचे आकडे आणि काउंटरवरचा तो 'शून्य'

नमस्कार मंडळी. आवाज बसलाय, सांभाळून घ्या. काल पहाटे साडेतीनला बदकांच्या शिकारीसाठी अर्कान्सासमध्ये बोट रॅम्पच्या, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उताराच्या, लायनीत उभा होतो आणि आज डॅलसला घरी येऊन हे रेकॉर्ड करतोय. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आला की वेगळा व्हिडिओ करायचंच ठरवलं. प्रश्न असा, की "दादा, तुम्ही बाहेरून जाऊन तिथली बदकं संपवताय, आकडे बघा, शिकार कमी होत चाललीये." एकाने तर हात जोडलेले टाकून लिहिलंय, "हेच नाशकात केलं असतं तर आत गेला असतास." बरोबर आहे, गेलो असतो, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो असावाच. मी निफाड तालुक्यातला, नांदूर मधमेश्वर आमच्या अंगणात, लहानपणी तिथे थापट्या आणि तलवार बदकं बघितलीत, कधी दगडसुद्धा मारला नाही. तीच थापट्या, तीच तलवार बदकं इकडे अमेरिकेतही येतात, पण इथे त्यांची सीझन असते, लायसन असतं आणि हिशोब असतो. आजचा विषय तो हिशोब.

बेसिक पटकन उरकतो. राज्याचं लायसन लागतं. सोळा वर्षं पूर्ण असतील तर फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारचं बदकांच्या शिकारीचं तिकीट, लागतो, १९३४ साली एक डॉलरला होता, आता पंचवीस डॉलर, आणि तो जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी घ्यायला जातो. शिशाचे छर्रे बदकांसाठी १९९१ पासून देशभर बंद, स्टील वगैरे वापरायचं. बंदुकीत तीनच काडतुसं बसतील असा प्लग हवा. झालं, हे सगळं सगळ्यांना माहितीये.

आणि हो, दर व्हिडिओखाली विचारतात म्हणून, "एच-वन-बी वर बंदूक चालते का?" व्हिसावर आलेल्यांना बंदूक बाळगायला सरसकट मनाई आहे, हंटिंग लायसन असेल तर त्याला अपवाद आहे, पण माझ्या व्हिडिओवर विसंबून दुकानात जाऊ नका रे बाबांनो, वकिलाला विचारा. मी कोडिंग करतो, वकिली नाही.

आता मुद्द्याचं. डक स्टॅम्प एकदा घेतला की सगळ्या देशात चालतो. पण हिप, म्हणजे हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅम, शिकाऱ्यांची नावं आणि शिकारीची माहिती नोंदवायची योजना, त्याचं रजिस्ट्रेशन प्रत्येक राज्यात वेगळं. टेक्सासचं हिप अर्कान्सासला चालत नाही, अर्कान्सासचं नॉर्थ डकोटाला चालत नाही. तीन राज्यांत जाणार असाल तर तीनदा. हे लोक विसरतात आणि दंड भरतात, पण तेही सोडा, दंडाचं मला काही नाही. माझं डोकं जातं ते त्या प्रश्नांवर.

हिप करताना विचारतात की मागच्या सीझनला किती बदकं मारली? पर्याय साधारण असे असतात: एकही नाही, एक ते दहा, दहाच्या वर. हंस किती, कबुतरं किती, असंच पुढे. दोन मिनिटांचं काम. आता दुकानात काय होतं बघा. मी पहिल्यांदा अर्कान्सासचं लायसन घ्यायला हायवेवरच्या एका दुकानात गेलो, रात्रीचे दहा, मागे सहा जणांची लाईन, काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडे बघून टकटकटक करून मोकळा. मी म्हटलं, अरे मला काही विचारलंच नाहीस? तर म्हणे, "सगळ्यांचं शून्यच टाकतो, काय फरक पडतो." आणि मीही गप्प बसलो! तेव्हा मलाही वाटलं, काय फरक पडतो.

पडतो. का ते सांगतो, आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं हिपमध्ये जे सांगतो तोच शिकारीचा आकडा. म्हणून काही लोक मुद्दाम कमी सांगतात, की जास्त सांगितलं तर पुढच्या वर्षी लिमिट कमी करतील. अहो, ते उत्तर कुणी बेरजेत धरतच नाही! ते फक्त तुम्हाला गठ्ठ्यात टाकायला असतं. भरपूर मारणारे एका गठ्ठ्यात, थोडी मारणारे दुसऱ्यात, काहीच न मारणारे तिसऱ्यात. राज्यं ही नावं फेडरल फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे, म्हणजे केंद्राच्या वन्यजीव खात्याकडे, पाठवतात, ते प्रत्येक गठ्ठ्यातून काही जण निवडतात, भरपूर मारणाऱ्यांतून जास्त, शून्यवाल्यांतून कमी, आणि त्या निवडलेल्यांना सीझनभर डायरी ठेवायला सांगतात, कुठल्या दिवशी किती. त्या डायऱ्यांवरून अख्ख्या देशाचा अंदाज निघतो.

आता आमच्याकडच्या भाषेत सांगतो. लासलगावला कांद्याचा लिलाव बघितलाय का? व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, वरचा कांदा बघतो, मधला बघतो, कोपऱ्यातला उपसतो, मग भाव बोलतो. अख्खी ट्रॉली कुणी मोजत नाही. आता समजा कुणी मोठा कांदा, गोल्टी (बारका) आणि चिंगळी (अगदीच बारका) सगळं एकाच ढिगात ओतलं आणि वर पाटी लावली 'चिंगळी'. व्यापारी त्या ढिगातून दोनच कांदे उचलणार, कारण चिंगळीला कोण वेळ देतंय. नशिबाने दोन्ही मोठे निघाले तर अख्ख्या ढिगाचा अंदाज चुकला, दोन्ही बारके निघाले तरी चुकलाच. तो काउंटरवरचा पोरगा नेमकं हेच करतो. सीझनला साठ बदकं मारणारा माणूस शून्याच्या ढिगात जाऊन पडतो.

अजून एका बाजूने सांगतो, कारण कमेंटमध्ये परत तेच येणार आहे. स्थानिक माणूस घरबसल्या आरामात ऑनलाइन लायसन काढतो, प्रश्न वाचतो. बाहेरून जाणारा माणूस आदल्या रात्री दहा तास गाडी हाणून येतो, पेट्रोल पंपावर किंवा गेटजवळच्या दुकानात घाईत लायसन काढतो. म्हणजे 'शून्य शून्य शून्य' होण्याचा धोका कुणाला जास्त? आपल्याला, ट्रॅव्हल करणाऱ्यांना. आणि पुन्हा आपणच ओरडणार की सरकारचे आकडे खोटे. दोन मिनिटं द्या, स्वतः वाचा, खरं सांगा. शून्य मारली असतील तर शून्य सांगा की, लाज कसली, माझं पहिलं वर्ष अख्खं शून्य होतं.

आकड्यांवर येतो, कारण तिथेही गोंधळ आहे. दोन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकात एक मिसळतात. एक म्हणजे बदकं किती आहेत. दर मे महिन्यात छोट्या विमानांतून, अगदी खालून उडत, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या विणीच्या प्रदेशात मोजतात, १९५५ पासून चालू आहे, फक्त २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे झालं नाही. २०१५ ला तो आकडा साधारण ४ कोटी ९५ लाख होता, २०२३ ला ३ कोटी २३ लाख, २०२४ ला ३ कोटी ४० लाखांच्या आसपास. उतरलाय, हो. मुख्य कारण प्रेअरीतला, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतला, दुष्काळ, तळीच भरली नाहीत तर अंडी घालणार कुठे. मिसिसिपी फ्लायवेमध्ये (फ्लायवे म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराचा पट्टा, अर्कान्सास यातच येतं) शिकार किती दिवस आणि किती बदकं हे याच सर्व्हेतल्या मॅलार्ड जातीच्या बदकांवरून आणि कॅनडातल्या तळ्यांच्या संख्येवरून ठरतं. सध्या ६० दिवस, माणशी रोज सहा. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळानंतर हेच ३० दिवस आणि रोज तीन इतकं खाली आणलं होतं.

दुसरा आकडा म्हणजे किती मारली. तो सगळ्या देशात मिळून वर्षाला ढोबळमानाने एक कोटीच्या आसपास फिरतो. आणि तो कमी झाला म्हणून बदकं कमी झाली असं नसतं हो! डिसेंबरमध्ये थंडी पडली नाही की मॅलार्ड वर मिसुरीतच, त्याच्याही वर, रेंगाळतात, पाणी गोठत नाही, बर्फ नाही, शेतात दाणे दिसतायत, कशाला खाली येतील? मग अर्कान्सासवाले कपाळाला हात लावून बसतात. शिवाय शिकारीच कमी झालेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वीस लाखांच्या वर स्टॅम्प खपायचे, आता पंधरा लाखांच्या आसपास, त्यातही काही जण नुसते जमवणारे. प्रत्यक्ष बदकांवर जाणारे साधारण दहा लाख.

मग गर्दी का वाटते? कारण हे उरलेले लोक फिरतात. काल रॅम्पवर मी सहज नंबरप्लेट मोजल्या, माझ्या पुढे अकरा गाड्या, त्यात अर्कान्सासच्या चार. टेनेसी, मिसिसिपी, जॉर्जिया, आणि एक टेक्सासची, म्हणजे आमचीच, दुसऱ्या बोटीवाली. स्थानिक माणसाची चिडचिड मला कळते, त्याच्या आजोबांच्या झाडाखाली कुणीतरी जॉर्जियाचा माणूस उभा असतो. म्हणून राज्यांनी नियम आणलेत. साउथ डकोटात बाहेरच्यांची लायसनं मोजकी, लॉटरी लागली तर जा. नॉर्थ डकोटात पहिला आठवडा फक्त तिथल्यांचा, नंतर आपण, तेही चौदा दिवस, सलग किंवा सात-सातचे दोन भाग. अर्कान्सासने सरकारी जंगलांत बाहेरच्यांसाठी थोड्या दिवसांची वेगळी परमिटं ठेवलीत. मला यात अन्याय वाटत नाही. आमच्या गावच्या विहिरीवर बाहेरचे टँकर लागले तर आम्ही काय आरती ओवाळतो का.

बाकी काल गेलो ते अर्कान्सासचं जंगल बघण्यासारखं आहे बरं का. नाव बायू मेटो. ओकची झाडं, गुडघाभर पाणी, तुम्ही झाडाला टेकून उभे, अंधार. उजाडलं की एकजण बदकाच्या आवाजाची पिपाणी वाजवतो, बाकीचे पायाने पाणी ढवळतात, वरून बघणाऱ्या बदकांना वाटावं खाली आधीच मंडळी बसलीयेत. मग फांद्यांमधून ती पंख आखडून, पाय सोडून, गरगरत खाली येतात. मी काल दोनदा बंदूक उचलायलाच विसरलो. दुपारी बाराला तिथे शूटिंग बंद, जेवायला स्टटगार्टला, जर्मनीतलं नव्हे, अर्कान्सासमधलं. तिथे १९३६ पासून बदकांच्या आवाजाची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, मुख्य रस्त्यावर.

अजून एक चूक, माझीच. २०१८ ला नॉर्थ डकोटा, पहिलीच ट्रिप. मॉटेलच्या मागे पक्षी साफ करायची शेड होती. मी आपला गावच्या चिकनवाल्यासारखा, चार बदकं सोलून, पंख-मुंडी काढून, छान धुऊन पिशवीत. शेजारी मिनेसोटाचे एक आजोबा, त्यांनी पिशवी बघितली आणि हळूच म्हणाले, "पोरा, पंख कुठाय?" नियम असा की घरी किंवा प्रोसेसरकडे, म्हणजे पक्षी साफ करून देणाऱ्याकडे, पोचेपर्यंत प्रत्येक बदकाला पिसांसकट एक पंख किंवा मुंडी लागलेली हवी, नाहीतर वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, कळणार कसं की कुठलं बदक, नर का मादी. मॅलार्डच्या माद्या दोनच चालतात ना. आता पंख परत कसा चिकटवणार? त्या रात्री तिथेच पार्किंगमध्ये शेगडी लावली, बायकोने दिलेला काळा मसाला, खोबरं भाजून रस्सा. आजोबा तीन वाट्या प्यायले, डोळ्यांतून पाणी, पण प्यायले.

पंखावरून आठवलं. (टेबलावरून पाकीट उचलतो) हे बघा. यंदा माझी निवड झालीये पंखांच्या सर्व्हेत. प्रत्येक बदकाचा एक पंख कापून या पाकिटात घालायचा, वर तारीख, राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं) लिहायची, तिकीट लावायचं नाही, पोस्टेज भरलेलं असतं. हिवाळ्याच्या शेवटी अशी हजारो पाकिटं एकेका फ्लायवेची एकत्र उघडतात, जीवशास्त्रज्ञ टेबलांभोवती बसतात, पंख बघून सांगतात जात कुठली, नर का मादी, यंदाचं पिल्लू का म्हातारं. पिल्लं जास्त निघाली म्हणजे वीण चांगली झाली. एका सुक्या पंखावरून! आणि हे पाकीट माझ्याकडे का आलं? बहुधा ऑनलाइन हिप करताना मी 'दहाच्या वर' खरं सांगितलं म्हणून. काउंटरवरच्या त्या पोराचं शून्य तसंच राहिलं असतं तर आलं असतं का? एखादवेळेस आलंही असतं, पण चान्स कमी.

कुणीतरी लिहिलंय, "माझ्या एकट्याच्या शून्याने काय होतंय." दादा, त्या रात्री माझ्या मागे लाईनीत सहा जण होते. सहाच्या सहा शून्य.

बरं, काउंटीचं नाव लिहायचं राहिलंय, आणि आमच्या इथलं पोस्ट पाचला बंद होतं. पंख वास मारायला लागलाय, बायको दारात उभी आहे. निघतो.