ब्लूटूथ जुळलं म्हणजे वायरलेस झालं नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं, "सगळं वायरलेस आहे बघा." मग तो फोन ब्लूटूथला जोडतो, गाणं लावतो, घरी एक कॉल लावून दाखवतो. गाणंही वाजतं, कॉलही लागतो. पण हे झालं नुसतं ब्लूटूथ. ते पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीतही मिळायचं. ब्लूटूथवरून आवाज जातो, नकाशा जात नाही.

फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर यायचा असेल तर अँड्रॉइड फोनला अँड्रॉइड ऑटो लागतं आणि आयफोनला कारप्ले. ही दोन्ही केबलनं चालतात, काही गाड्यांत केबलशिवायही. केबलशिवाय चालताना ब्लूटूथ मुख्यतः ओळख करून देतं. ओळख पटली की गाडी आपलं स्वतःचं वायफाय सुरू करते आणि नकाशा आणि गाणी त्यावरून जातात. हे वायफाय गाडीत नसेल तर सेटिंगमध्ये कितीही बोटं फिरवा, उपयोग नाही.

आधी फोन बघू. अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढची आवृत्ती हवी आणि फोनला 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडता यायला हवं. इथं पुष्कळांचा घोळ होतो. मोबाईलचं 5जी वेगळं आणि हे वेगळं. घरच्या राउटरवर 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क चालू असेल तर ते फोनच्या यादीत दिसतं का बघा. दिसलं की झालं. अँड्रॉइड ऑटोचं चित्र फोनवर शोधत बसू नका. अँड्रॉइड 10 पासून ते सेटिंगमध्येच असतं, तिथल्या शोधाच्या चौकटीत नाव टाका.

आता गाडी. शोरूमच्या माहितीपत्रकात व्हेरिएंटनुसार तक्ता असतो. त्यात नुसतं अँड्रॉइड ऑटो लिहिलंय की त्याच्याआधी वायरलेस हा शब्द आहे, ते बोट ठेवून वाचा. महाग व्हेरिएंटमध्ये असणारच, असं धरून चालू नका. ह्युंदाई आणि कियाच्या काही मॉडेलांत काही वर्षं उलटंच होतं: मधल्या व्हेरिएंटच्या 8 इंची स्क्रीनला वायरलेस, आणि वरच्या व्हेरिएंटच्या 10.25 इंची स्क्रीनला केबल. जास्त पैसे मोजून केबल, असा प्रकार.

जुनी गाडी निपाणीत बघा नाहीतर कोल्हापूरहून एमएच 09 ची आणा, कागदापेक्षा चाचणी खरी. ती अशी करा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. गाडीत लोंबणारी केबल काढून डिकीत टाका. फोनचं ब्लूटूथ, वायफाय, लोकेशन आणि इंटरनेट चालू ठेवा, फोन अनलॉक असू द्या. गाडीच्या स्क्रीनवर नवा फोन जोडायचा पर्याय घ्या. दोन्हीकडे तोच आकडा दिसला की होकार द्या. फोन परवानग्या मागेल, त्या द्या. मिनिटभरात नकाशा स्क्रीनवर यायला हवा. आयफोन असेल तर सिरी चालू ठेवा आणि स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण दाबून धरा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जनरल, त्यात कारप्ले, तिथं गाडीचं नाव येतं.

नकाशा आला म्हणून लगेच विसार देऊ नका. गाडी बंद करा, उतरा, दार लावा, पाच मिनिटं थांबा. फोन खिशातच ठेवून पुन्हा चालू करा. हात न लावता नकाशा आला तर ते खरं वायरलेस.

जुळतं पण मध्येच तुटतं, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा दोष फोनकडेच निघतो. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर फोन मागचं काम बंद पाडतो, म्हणून अँड्रॉइड ऑटोला बॅटरीचं बंधन नको. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या वाटेनं नेणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करा. मागच्या सीटवरच्या मुलांना हॉटस्पॉट दिला असेल तर तोही बंद करून बघा. घरातले दोन फोन जोडलेले असतील तर गाडी भलताच फोन धरते. एवढं करूनही जमलं नाही तर फोन आणि गाडी, दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्यानं जोडा. जुन्या गाडीत आधीच्या मालकाचे फोन आणि नंबर तसेच पडलेले असतात, तेव्हा स्क्रीन फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखी, केलेली बरी.

गाडीत फक्त केबलचं अँड्रॉइड ऑटो असेल तर यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. पण केबलवर आधी चालत असेल तरच तो चालतो. नुसत्या ब्लूटूथच्या स्क्रीनला त्याचा काही उपयोग नाही. केबलवरच चालत नसेल तर पोर्ट बदला. बऱ्याच गाड्यांत एकाच पोर्टमधून डेटा जातो, बाकीचे फक्त चार्जिंगचे. केबलही बदलून बघा. स्वस्त केबलमध्ये कधी कधी वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच.

आणि चोर्ला घाटात नकाशा थांबला तर गाडीला बोल लावू नका. गाडी आणि फोन जुळलेलेच असतात, रेंज गेलेली असते. गोव्याला निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गूगल मॅप्स उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारून ऑफलाइन नकाशे निवडा, आणि खानापूर, जांबोटीपासून साखळीपर्यंतचा भाग चौकटीत घेऊन उतरवून ठेवा.