थेंबात जिवंत काय?

[दृश्य: बरणी, ड्रॉपर, काचपट्टी]

वाळलेलं गवत उकळून गार केलेलं हे पाणी. त्यात तळ्याचं वाटीभर पाणी मिसळून बरणी काही दिवस सावलीत ठेवली होती. वरच्या सायीखालचा एक थेंब आता काचपट्टीवर घेतला आहे. भिंग शाळेतल्या सूक्ष्मदर्शीचंच आहे.

थेंबात सगळंच हलतंय. त्यातलं जिवंत काय?

हे ठिपके बघा, जागच्या जागी थरथरताहेत. पण ही नुसती माती आहे. १८२७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात असेच थरथरताना दिसले. ही सजीवपणाची खूण असेल का, हे तपासायला त्यांनी काचेची आणि दगडाची पूड पाण्यात टाकली. तीही थरथरली! या कणांना धक्के देत होते ते पाण्याचे रेणू. तेव्हा नुसती हालचाल पुरेशी नाही. सजीवांची लक्षणं आपली मुलं पुस्तकातल्या चौकटीतून पाठ करतात. ती खरं तर इथे, भिंगाखाली पारखून घ्यायची असतात.

[दृश्य: पॅरामेशियम, जवळून]

चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा हा पॅरामेशियम. लांबी मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी, आणि अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. अंगभर बारीक केस आहेत, त्या पक्ष्माभिका. त्या वल्हवत तो इतका सुसाट पळतो की नजरेत ठरत नाही, म्हणून थेंबात कापसाचे धागे सोडले आहेत. धाग्याला धडकला, मागे सरला, जरा वळला आणि दुसरीकडून निघाला. मातीचा कण अशी वाट बदलत नाही.

आता त्याला खायला घालूया. काँगो रेड या रंगात उकळलेलं यीस्ट. लाल कण तोंडाच्या खाचेतून आत गेले, त्यांचा गोल फुगा झाला, ती अन्नरिक्तिका. पेशीद्रवाबरोबर ती फिरू लागते आणि फिरता फिरता लालाची निळी होते. हा रंग आम्लात निळा होतो; म्हणजे आत आम्ल तयार झालं. पचन सुरू झालं. पोट नाही, आतडं नाही, तरी हे सगळं चाललंय.

[दृश्य: संकोची रिक्तिका]

दोन्ही टोकांकडे चांदणीसारखं काहीतरी फुगतंय, मिटतंय. या संकोची रिक्तिका. तळ्याचं पाणी पेशीच्या पटलातून सतत आत झिरपतं; ते उपसलं नाही तर पेशी फुटेल. पाण्यात किंचित मीठ मिसळलं की बघा, ठोके मंदावले. आत येणारं पाणीच कमी झालं.

[दृश्य: विभाजन]

आणि हा मधोमध आवळत चाललाय. आतलं मोठं केंद्रक लांबलं, तुटलं, दोन्हीकडे वाटलं गेलं. एकाचे दोन झाले. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये ठामपणे मांडलं. आपली जखम भरते ती पेशी विभागतात म्हणून, आणि या विभाजनावरचा ताबा सुटला की कर्करोग होतो.

पोटभर खाणं मिळालं तर पॅरामेशियम दिवसातून एकदा-दोनदा सहज विभागतो. बरणीत पॅरामेशियम चांगले वाढले असतील, तर एका तासिकेतही एखादा विभागताना सापडू शकतो. वर्गातल्या प्रत्येकाला भिंगाशी पाळी मिळेल एवढा वेळ मात्र ठेवायला हवा.