आई म्हणायची, "जा की!"

नमस्कार श्रोतेहो! घरात असाल, शेतात असाल, नाहीतर गंगावेशीत दूध प्यायला उभे असाल, सगळ्यांना नमस्कार. आज मला माझ्या आईबद्दल बोलायचंय. ती धडधाकट आहे, आत्ता घरी रेडिओला कान लावून बसली असणार, आणि म्हणूनच आज बोलतेय. माणूस गेल्यावर त्याचं कौतुक करायची जी पद्धत पडलीय आपल्याकडं ती मला अजिबात पटत नाही, ज्याचं त्याला ऐकू जाईल तेव्हाच बोलावं.

आईनं मला शाब्बासकी दिल्याचं फारसं आठवत नाही. तिची तऱ्हाच वेगळी होती, आधी स्वतः करायची, मग माझ्याबरोबर यायची, आणि मग कधीतरी न सांगता मागं थांबायची.

पोहण्याचंच घ्या. आईचं माहेर नदीकाठचं, ऊसवाल्यांचं, मळ्यात मोठी दगडी विहीर. मे महिन्यात दुपारी गडीमाणसं जेवून आडवी झाली की विहिरीवर बायका-पोरींचं राज्य असायचं. आई ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि काठावरनं असा मुटका मारायची की पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत उडायचं. माझ्या पाठीला मोकळा पत्र्याचा डबा, कमरेला कासरा, त्याचं टोक मामीच्या हातात. डबा पाठीला घासायचा, दोरीचे वळ उठायचे, मी पायरी धरून रडत बसायचे. आई खाली पाण्यात उभी पोहत राहायची आणि म्हणायची, "मार उडी, मी हाय की हितं." ओरडली नाही, ढकललं तर कधीच नाही. आमच्याकडं पोहायला शिकवायचं म्हणजे पोराला धरून ढकलून द्यायचं हीच रीत होती त्या काळात, त्यामुळं तिचं ते वाट बघणं मला आज फार मोठं वाटतं. सुट्टी संपायच्या आत डबा मीच सोडून टाकला, एक वेढा मारून वर बघितलं तर आई पाण्यात नव्हतीच, वर पायरीवर बसून निवांत केस पिळत होती!

पण धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे हं, हे पण तिच्याकडनंच शिकले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ. पूर बघायला ती आम्हाला न्यायची, सगळं कोल्हापूरच जातं की, पण बॅरिकेडच्या पुढं पाऊल टाकू द्यायची नाही. पुराच्या पाण्यात उड्या टाकणारी पोरं दिसली की म्हणायची, "हे पोहणं न्हवं, ही मस्ती हाय." २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या गल्लीत यायच्या आधीच तिनं शेजारच्या आजींचं सामान वर चढवून त्यांना पाहुण्यांकडं पोचवलं होतं.

मग पन्हाळा ते पावनखिंड. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले त्या वाटेनं आता दर पावसाळ्यात लोक चालत जातात, दोन दिवसांची पायपीट असते. मी कॉलेजात होते तेव्हा आईनं एका ग्रुपमध्ये आमची दोघींची नावं देऊन टाकली. बाबा म्हणाले, आता ह्या वयात? तर ही म्हणाली, "मग कवा?" निघायच्या आधी नेबापुरात, महाराजांचं सोंग घेऊन जीव दिलेल्या शिवा काशीदांच्या समाधीला हात जोडायला लावले, म्हणाली, बाजीप्रभू सगळ्यांच्या ध्यानात असतात, ह्यांचं नाव पण घेत जा. मसाई पठारावर असलं धुकं की पुढचं माणूस दिसेना, पाऊस आडवा, बुटात चिखल. ग्रुपमधली एक पोरगी पायात गोळा येऊन खाली बसली, रडायलाच लागली, मी परत जाते म्हणाली. आई तिच्याशेजारी चिखलात बसली, तिची पोटरी चोळली, गूळ-शेंगदाणे दिले आणि "आपण दोघी सगळ्यात मागनं जाऊया, कुणाची शर्यत हाय?" म्हणून तिला करपेवाडीपर्यंत चालवत आणलं. त्या पोरीची आई नव्हती तिथं, पण माझी होती.

पुढं मला बँकेत नोकरी लागली आणि पहिलंच पोस्टिंग गोंदिया जिल्ह्यात. घरात नुसता गोंधळ. एकटी पोरगी, एवढ्या लांब, ओळखीचं कुत्रं नाही तिथं, लग्नाचं काय, सगळं बोलून झालं. आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "जा की! न्हाई जमलं तर परत ये, घर हितंच हाय. मी येतो की सोडायला." महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या कोल्हापुरातनंच सुटते, दुपारी बसायचं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला उतरायचं, अख्खा महाराष्ट्र आडवा. पिशवीत कांदा-लसूण चटणीची बरणी, आणि आईचं सगळं लक्ष खिडकीबाहेर. मला सोडायला आली हे खरं, पण तिला नवेगाव बांधही बघायचा होता, ते तिनं वर्धा गेल्यावर सांगितलं! कोळू पाटलांनी बांधलेला तो तलाव बघून ती किती वेळ काठावर बसली होती, रंकाळा सोडून दुसऱ्या कुठल्या तळ्याला तिनं चांगलं म्हणलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दोन दिवसांनी एकटीच परतीच्या गाडीत बसली. मी तिथं नुसती राहिले नाही तर रमले, माणसं जोडली, स्वतःच्या जिवावर जगायला शिकले.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं एव्हरेस्ट सर केलं तेव्हा पेपरातला फोटो आई बराच वेळ बघत बसली होती. मला वाटलं आता म्हणणार, बघ, पोरी कुठं पोचल्या. तर म्हणाली, "हिच्या आईचा जीव किती दिवस टांगणीला असंल." मी विचारलं, म्हणजे तुला पण भीती वाटायची काय गं, विहिरीत, गोंदियाला सोडताना? "वाटायची की. गाडी दौंड सोडूस्तोवर रडत आलो मी. पण ते तुला कशाला सांगू? तू गेली नसतीस."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आई घाबरतच नाही. ती घाबरायची, आणि तरी जा म्हणायची, आणि घाबरलेलं मला दिसू द्यायची नाही. आता मी स्वतः एका मुलीची आई आहे, ती सायकल घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की माझ्या पोटात गोळा येतो, तेव्हा आईनं किती गिळलं असेल ते समजतं.

तर आई, ऐकतेयस ना? घरी हे मला बोलता आलं नसतं, तू विषय बदलून चहा ठेवायला उठली असतीस, म्हणून इथं माईकसमोर सांगते. तुझे उपकार आहेत माझ्यावर, फार मोठे. आणि ह्या जुलैच्या पावनखिंडीसाठी मी तिघींची नावं देऊन टाकलीत, तुझी, माझी आणि नातीची. तुझ्या जुन्या बुटांचा तळ गेलाय, रविवारी महाद्वार रोडला जाऊन नवे घेऊया.