यादीतलं नाव

नमस्कार मंडळी.

ज्योत्स्ना हे नाव इंग्रजीत कसं लिहाल? मधे 'टी' घालाल की नाही? शेवटी एक 'ए' की दोन? माझ्या ओळखीत तीन ज्योत्स्ना आहेत आणि तिघींची स्पेलिंगं तीन. त्यातल्या एका काकूंची तर इथे अमेरिकेत, एकाच देशात, दोन. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर 'टी' आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर तो गळलाय. त्यात आपलं मधलं नाव. लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि लायसन्सवर तर त्याचं नुसतं आद्याक्षर.

तर या काकू मागच्या निवडणुकीत नटूनथटून मतदानाला गेल्या. टेबलावरच्या बाईंनी टॅबलेटवर बोट वरखाली फिरवलं आणि म्हणाल्या, "नाव सापडत नाही." काकू "बरं, थँक्यू" म्हणून चक्क परत निघाल्या! मुलगा गाडी लावून मागून आला म्हणून निभावलं. त्यानं प्रोव्हिजनल बॅलट मागितलं. यादीवरून वाद असला तरी तुम्ही असं मत देऊ शकता. ते वेगळ्या पाकिटात जातं, मागाहून पडताळणी होते आणि तुम्ही पात्र ठरलात तर मोजलं जातं. २००२च्या केंद्रीय कायद्यानं ही सोय सक्तीची केली आहे. पण मागायचं असतं हे काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याला तिकडची सवय. यादी दुरुस्त करायला शाळेतल्या बाई नाहीतर अंगणवाडीताई दारात येतात, "घरात अठरा पूर्ण कोण?" म्हणून विचारतात. इथे यादीत शिरणं ही ज्याची त्याची जबाबदारी, आणि देशाची अशी एक यादी नाहीच. प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. नॉर्थ डकोटात नोंदणीच करावी लागत नाही. मिनेसोटात १९७४ पासून मतदानाच्या दिवशीच नाव घालता येतं. आमच्या न्यू जर्सीत २१ दिवस आधी अर्ज लागतो, टेक्ससमध्ये ३०.

ही यादी हा पहिल्यापासूनच भांडणाचा विषय आहे. १९६२च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाच्या कृष्णवर्णीय शेतमजूर बाई नाव नोंदवायला इंडियानोला गावी गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं राज्यघटनेतलं एक कलम पुढे टाकलं आणि म्हणाला, याचा अर्थ लिहा. कलम वकिलांनाही घाम फोडेल असं. अर्थात नापास. परतताना पोलिसांनी त्यांची बस अडवून दंड ठोकला. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे! त्याच दिवशी, अठरा वर्षं जिथे राबल्या त्या मळ्यातून मालकानं त्यांना बाहेर काढलं. का, तर अर्ज मागे घेत नाही म्हणाल्या म्हणून.

१९६५ साली मतदान हक्क कायदा झाला आणि मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची नोंदणी दोन-तीन वर्षांत ७ टक्क्यांच्या आतून ६० टक्क्यांच्या आसपास गेली. माणसं तीच होती. फक्त दारावरचा पहारेकरी हलला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी मतदानाचा नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची, असंही त्यात होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्या तरतुदीतली हवा काढली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात म्हटलं, की हे म्हणजे आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देणं झालं. ज्यानं जुलैत मुंबई पाहिली आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

आता पुन्हा 'टी'कडे येते. २०१८ मध्ये जॉर्जियात सुमारे ५३ हजार अर्ज अडकून पडले होते. नियम असा की अर्जावरचं नाव सरकारी नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एखादी आडवी रेघ राहिली, एखादं अक्षर पुढेमागे झालं, की अर्ज बाजूला. त्यातले जवळपास ७० टक्के अर्ज कृष्णवर्णीयांचे होते. कॅन्ससनं त्याआधी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा सक्तीचा केला होता, तेव्हा ३१ हजारांवर अर्ज अडले. यादी स्वच्छ हवी, परक्यानं मत देऊ नये, हे म्हणणं मला अजिबात गैर वाटत नाही. पण कॅन्ससचा खटला चालला तेव्हा न्यायालयाला १९ वर्षांत यादीत शिरलेले परके सापडले फार तर ३९. उंदीर धरायला घर पाडावं, तसला हिशेब! २०१८ मध्ये तो कायदा रद्द झाला. तशाच पुराव्याची देशभर सक्ती करणारं विधेयक २०२५च्या एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहानं मंजूर केलं होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी त्याची धास्ती घेतली ती उगाच नाही. जन्मदाखल्यावर एक नाव, हातात दुसरंच.

आणि हे 'त्यांचं' भांडण आहे असं वाटत असेल तर एक जुनं नाव सांगते. सखाराम गणेश पंडित. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, अगदी आपल्या पद्धतीचं. कॅलिफोर्नियात वकिली करायचे, १९१४ पासून अमेरिकन नागरिक. १९२३ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेत सुटलं. पंडित तर थिंद यांचेच वकील, त्यांच्यावरही खटला भरला. ते लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. तुम्ही नागरिकत्व देणारा १९१४चा निकाल तेव्हा मुकाट्यानं मान्य केलात, आता उकरून काढता येणार नाही, असं न्यायालयानं सरकारला सुनावलं. बाकीच्या हिंदी लोकांना १९४६च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

ग्रीन कार्डवाल्यांना, एच-वनवाल्यांना एक तंबी देते, मग थांबते. लायसन्सच्या खिडकीवर मतदार व्हायचं का, असं विचारतात. १९९३च्या कायद्यापासूनची ही पद्धत. रांगेच्या घाईत "हो, हो" म्हणू नका. तुम्ही नागरिक नाही, आणि चुकून झालेल्या सहीपायी हद्दपारीपर्यंत गेलेली माणसं आहेत.

नागरिक असाल तर आज संध्याकाळी राज्याच्या साइटवर आपलं नाव शोधा, लायसन्सवर आहे तसंच टाइप करून. पत्ता बदलला असेल तर तोही बघा. काकूंनी त्या दिवशी घरी जाऊन लगेच शोधलं. सापडलं. 'टी'सकट, पण आडनावाच्या जागी काकांचं नाव.

नमस्कार.