कौलारू मशीद, घुमटाचं देऊळ

मंडळी, बेळगावचा माणूस गोव्याला निघाला की चोर्ला घाट उतरतानाच त्याला समुद्र दिसायला लागतो. फोंड्याला थांबतो तो चहापुरता. आज मी तुम्हाला त्या फोंड्यातच अडकवून ठेवणार आहे.

सुरुवात मात्र आपल्या बेळगावच्या किल्ल्यातून. तिथली सफा मशीद 1519 सालची, विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याची. तिच्यात जुन्या देवळांतले म्हणून सांगितले जाणारे दोन खांब आहेत. एकावरचा लेख रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळचा, 1199 चा. दुसऱ्यावरचा यादव कृष्णाच्या काळचा, 1261 चा. भाषा कन्नड, लिपी नागरी. आपण पाट्यांवरून भांडणारी माणसं, म्हणून हे जरा सावकाश सांगितलं. (हशा) आणि देवळाचे खांब मशिदीत आले ते काही कुणी आहेर म्हणून पाठवले नव्हते, हेही सांगायला हवं.

आता फोंडा. तिथेही सफा मशीदच, तीही आदिलशाहीतली, साल 1560. आणि मंगेशीचा देव आजच्या जागी आला तेही साल 1560 च सांगतात. देव मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. ते गाव ज्यात येतं ती गोव्यातली साष्टी 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. पुढे बाटवाबाटवी सुरू झाली, देवळं पडायला लागली, तेव्हा भक्तांनी लिंग उचललं आणि जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आणलं. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. सगळे देव इकडे फोंड्याच्या बाजूलाच का आले? कारण नदीच्या या अंगाला विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती लागला तो पार 1763 मध्ये. म्हणजे किल्ल्यातले खांब आणि आसऱ्याला आलेले देव, दोन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या राज्यातल्या. ज्याला यातली एकच सोयीची वाटते त्याने ती खुशाल सांगावी. मला दोन्ही सांगाव्या लागतात.

पण मला खरी मजा वाटते ती गवंडीकामाची. फोंड्याची मशीद लांबून बघा. घुमट नाही, मिनार नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर उतरतं कौलारू छप्पर. एखाद्या खोताचं घर वाटावं. तिथून मंगेशीला जा. देवळाला घुमट, दारा-खिडक्यांना कमानी, पुढे सात मजली दीपमाळ. नवख्या माणसाला दोन्हींची चित्रं दाखवून मशीद कुठली विचारलं, तर तो चुकायचाच. पाऊस तोच, चिरा तोच. गवंड्याने हाताला सवय होती ते बांधलं. कारवारला सदाशिवगडावर दुर्गादेवी आणि जवळच पिराचा दर्गा आहे, तिकडेही जाऊन या. त्यावर आज बोलत बसलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील.

फोंड्याच्या मशिदीला लागून तळं आहे, चिऱ्याने बांधलेलं. आतल्या भिंतीत महिरपी कोरल्यात. माझ्या मावशीला मी तिथे घेऊन गेलो होतो. मावशी दरसाल सौंदत्तीला जाणारी, यल्लम्माचा भंडारा कायम पदराच्या गाठीला. मशीद बघायची म्हटल्यावर ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. शेवटी उकडायला लागलं म्हणून उतरली. तळं दिसल्याबरोबर तिने चपला काढल्या, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि सरळ पायऱ्या उतरायला लागली. देवाच्या तळ्यावर आलं की आधी पाय धुवायचे, एवढंच तिला माहीत. मी मागून हाका मारतोय. तेवढ्यात आतून एक म्हातारे गृहस्थ आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

ते तिला एवढंच म्हणाले, "आजी, खालच्या पायरीवर शेवाळ आहे. तिथूनच पाणी घ्या."