सोलरचे पैसे किती वर्षांत सुटतात?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरावरचं सोलर: गुंतवणूक म्हणून परवडतं का?' ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आत्ताच देऊन टाकतो, म्हणजे मागच्या दाराने सटकायला ते मोकळे. बहुतेक घरांना परवडतं, काहींना झकास परवडतं आणि काहींनी त्या नादाला लागूच नये. आपण यातल्या कोणत्या गटात बसतो हे कळायला तीन आकडे लागतात. गच्चीवर वर्षाला किती युनिट तयार होणार, त्यातल्या प्रत्येक युनिटला मोल किती, आणि हेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर काय मिळालं असतं. बेत असा आहे की पहिल्या आकड्याला पाच मिनिटं द्यायची आणि उरलेला वेळ पुढच्या दोघांना. हसू नका, या वेळी घड्याळ समोर ठेवलंय.

तर पहिला आकडा. कोणतंही कोटेशन उघडा. पॅनेलच्या कंपनीचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत, खाली एक गुणाकार: अमुक किलोवॅट, गुणिले दिवसाचे 4 युनिट, गुणिले 365. त्याला विजेच्या दराने गुणलं, एकूण खर्चाला त्या रकमेने भागलं, आणि 'पैसे इतक्या वर्षांत वसूल' अशी चौकट काढली. गणित चौथीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे, आणि त्यातलं प्रत्येक पद संशयास्पद आहे.

किलोवॅटच घ्या. पॅनेलवर लिहिलेला वॅटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरला 1,000 वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश. भर उन्हात पॅनेलमधला सेल हवेपेक्षा 25-30 अंशांनी जास्त तापतो. हवा 38 असेल तर सेल 65 च्या आसपास, म्हणजे कसोटीच्या तापमानापेक्षा 40 अंश वर. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची ताकद दर अंशाला साधारण 0.35 टक्का घटते, म्हणजे 14 टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल छताला चिकटवून बसवत नाहीत. खाली 10-15 सेंटीमीटर तरी हवा खेळायला हवी. उष्णता, धूळ, वायर, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) या सगळ्यांची घट काढली की चांगल्या बसवलेल्या संचातून कागदावरच्या 75 ते 80 टक्के हाती लागतात. भरपूर उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॅट वर्षाला 1,400 ते 1,500 युनिट देतो, जर्मनीसारख्या ठिकाणी साधारण 950 ते 1,000. कोटेशनमधले 4 युनिट पहिल्या प्रकारच्या प्रदेशात खोटे नाहीत. पण ते मोकळ्या गच्चीचे आहेत.

(जाता जाता: 'एफिशियन्सी किती?', म्हणजे उन्हातला किती भाग विजेत उतरतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. 20 टक्क्यांच्या पॅनेलला एका किलोवॅटसाठी पाच चौरस मीटर लागतात, 22 टक्क्यांच्याला साडेचार. फरक एवढाच. गच्ची ऐसपैस असेल तर त्या दोन टक्क्यांसाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. 1954 साली बेल लॅबने दाखवलेला पहिला कामाचा सिलिकॉन सेल 6 टक्क्यांचा होता, तेव्हा हा प्रश्न शोभला असता.)

मोकळी गच्ची म्हणालो. आता सावली. हे माझं लाडकं गाऱ्हाणं आहे, सहन करा.

पाहणीला माणूस येतो तो दुपारी बाराला. सूर्य डोक्यावर, पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या पायाशी, गच्ची लख्ख. तो फोटो काढतो, टेपने लांबी-रुंदी घेतो आणि जातो. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असला की सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते, 30 अंशांवर उंचीच्या 1.7 पट, 20 अंशांवर पावणेतीन पट. टाकी पॅनेलपेक्षा 3 मीटर उंच असेल तर हिवाळ्यातल्या सकाळी तिची सावली 8 मीटर लांब जाईल. म्हणून पाहणी करायची ती 21-22 डिसेंबरच्या सूर्याची, विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहत असाल तर जूनमधल्या. सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळात कुठे काय पडतं ते पाहायचं. डिसेंबरपर्यंत थांबायला नको. फोनवरची सूर्यमार्ग दाखवणारी ॲप्स आजच्या आज हे काम करतात.

'पण सावली कोपऱ्यावरच येते, थोडीशीच,' असं लोक म्हणतात. इथेच घात होतो. पॅनेलमधले सेल एकापुढे एक, एका साखळीत जोडलेले असतात. एका सेलचं व्होल्टेज जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून 60 सेलची माळ करावी लागते. एकाच दोरीला धरून चालणाऱ्या माणसांसारखं आहे ते. सगळ्यांचा वेग सर्वांत मंद माणसाइतका. एका सेलवर सावली पडली की त्याचा प्रवाह घटतो आणि बाकीचे सेल त्याच्यातून जोराने प्रवाह ढकलू पाहतात. तो सेल वीज द्यायच्या ऐवजी वीज खातो आणि तापतो. तो जळू नये म्हणून दर 20 सेलमागे एक बायपास डायोड असतो, तो त्या वीस जणांना वगळून प्रवाह पुढे नेतो. सेल वाचतो, पण पॅनेलचा तिसरा हिस्सा गेला. एका सेलच्या सावलीला वीस सेलचा दंड.

आता गंमत पाहा. कठड्याची सावली पॅनेलच्या खालच्या कडेवर आडवी पडते. जुन्या पद्धतीचं पॅनेल उभं बसवलं असेल तर खालच्या ओळीत तिन्ही गटांचे सेल येतात. तिन्ही डायोड चालू, आणि हातभर सावलीत अख्खं पॅनेल झोपलं. तेच पॅनेल आडवं बसवलं तर सावली एकाच गटावर येते आणि दोनतृतीयांश वीज शाबूत राहते. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेला असतो, त्यामुळे उभं बसवूनही निम्मं वाचतं. पॅनेल तेच, गच्ची तीच, पैसे तेवढेच. फरक फक्त फिटरने ते कसं धरलं याचा. कोटेशनमध्ये ही ओळ कधी पाहिलीत?

सगळ्या सावल्या सारख्या नसतात हेही सांगतो, नाहीतर उद्या कोणी अँटेना उपटायचा. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे बारीक वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या सुमारे 108 पट अंतरावर संपते. दोन सेंटीमीटरचा पाइप दोन-सव्वादोन मीटरच्या पलीकडे असेल तर नुसती धूसर छटा पडते, नुकसान किरकोळ. उलट पक्ष्याची विष्ठा काचेलाच चिकटलेली असते. रुपयाएवढा डाग, पण सेल झाकतो आणि दिवसभर हलत नाही. धुवायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. क्षाराचं पाणी वाळू देऊ नका, त्याचा पांढरा थर धुळीपेक्षा वाईट. आणि पॅनेलवर पाय देऊ नका. काच टिकते, आतले सेल चिरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

यावर विक्रेता म्हणेल, प्रत्येक पॅनेलमागे ऑप्टिमायझर लावू, म्हणजे एका पॅनेलची सावली बाकीच्यांना न भोवू देणारा छोटा डबा. दोनच पॅनेलवर सावली येत असेल तर ती दोन काढून टाका, ते स्वस्त पडतं. छतावर जितके इलेक्ट्रॉनिक डबे कमी तितकं बरं, कारण त्यातला एक बिघडला की शिडी लावून, पॅनेल उचलून तो बदलावा लागतो. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची पॅनेल मात्र एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे पॅनेलांच्या एकाच माळेत, गुंफू देऊ नका. इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी इनपुट (प्रत्येक माळेतून स्वतंत्रपणे जास्तीत जास्त वीज काढणारी तोंडं) असतात ते त्यासाठीच.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' बरं. ज्यासाठी बोलावलंत तो विषय आता सुरू होतो.

दुसरा आकडा, युनिटचं मोल. सरसकट नेट मीटरिंग असेल तर तुम्ही ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेलं युनिट आणि ग्रीडकडून घेतलेलं युनिट सारख्याच भावाचं. नेट बिलिंग असेल तर विकलेल्या युनिटला खूप कमी भाव. समजा 3 किलोवॅटचा संच दिवसाला 12 युनिट देतो, घराला 10 लागतात आणि त्यातले 3 च दिवसा लागतात. नेट मीटरिंगमध्ये दहाही युनिट वाचली. नेट बिलिंगमध्ये विक्रीला एकतृतीयांश भाव धरा: 3 वापरली, 9 विकली त्याची 3 युनिटांएवढी किंमत आली, एकूण बचत 6. पहिल्या घरात पैसे 6 वर्षांत सुटत असतील तर दुसऱ्यात तेच पैसे सुटायला 10 वर्षं. आता गिझर, पंप, वॉशिंग मशीन टायमर लावून दुपारी चालवा आणि 4 युनिट रात्रीची दिवसावर आणा. वापर 7, विक्री 5, बचत 8.67, आणि वसुली 7 वर्षांच्या आत. एका टायमरने तीन वर्षं वाचवली. म्हणून पॅनेलची कंपनी विचारण्याआधी आपल्या घरात दुपारी काय चालू असतं ते विचारा, आणि नेट बिलिंग असेल तर संच बिलाच्या एकूण युनिटांवर बेतू नका, दिवसाच्या वापरावर बेता.

नियम बदलतात, हेही धरून चाला. जर्मनीने 2000 च्या कायद्यात 20 वर्षांच्या दराची हमी दिली. स्पेनने 2015 मध्ये स्वतःच्या छतावरच्या विजेवर आकार बसवला आणि 2018 मध्ये मागे घेतला. कॅलिफोर्नियात 15 एप्रिल 2023 पासून अर्ज करणाऱ्यांना विकलेल्या विजेचा भाव एकदम खाली आला, आधीच्यांना 20 वर्षांचं संरक्षण मिळालं. तुमच्या करारात दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे, ते वाचा.

तिसरा आकडा, घाईत सांगतो. 6 वर्षांत वसूल म्हणजे वर्षाला 100 भागिले 6, सोळा-सतरा टक्के, असं लोक बँकेतल्या ठेवीशी ताडून पाहतात. ठेवीत मुद्दल परत मिळतं. इथे 25 वर्षांनी हातात जुनी काच उरते. 25 वर्षं धरून खरा परतावा काढला तर 6 वर्षांच्या वसुलीला साधारण 16 टक्के, 10 ला पावणेनऊ, आणि 15 ला साडेचारही नाही, जिथे साध्या भागाकाराने पावणेसात दिसतात. वसुली जितकी लांब तितका भागाकार जास्त फसवतो. यातून अजून एक टक्का वजा करा. पॅनेल दरवर्षी सुमारे अर्धा टक्का घटतं, आणि इन्व्हर्टर 10-15 वर्षांत एकदा बदलावा लागतो. त्यासाठी मूळ खर्चाच्या 100 पैकी 10-12 बाजूला ठेवा. विजेचे दर वर्षाला 2 टक्के वाढत राहिले तर परतावाही साधारण तितकाच वर सरकतो. पण ते गृहीत धरून कर्ज काढू नका. कोटेशनमध्ये दरवाढ 7-8 टक्के धरलेली दिसली तर ती शून्य करून वसुलीचं वर्ष पुन्हा मागा.

सहीआधी चार गोष्टी. छताचं वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर आधी ते; नंतर केलंत तर स्ट्रक्चर उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे पैसे वेगळे. पॅनेलच्या वायरी जोडणारे डीसी कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळे एकमेकांत बसतात, पण सांध्यात रोध वाढतो, तो तापतो, आणि छतावरच्या आगी तिथून सुरू होतात. इन्व्हर्टर सावलीत लावा, उन्हात तो तापून स्वतःच ताकद कमी करतो. आणि भर दुपारी तो वरचेवर बंद पडत असेल तर ग्रीडचं व्होल्टेज मर्यादेबाहेर जातंय का ते त्याच्या नोंदीत पाहा. लाइनच्या टोकाच्या घरांत हे हमखास होतं. तिथे इन्व्हर्टर बदलून काही होत नाही, वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

बॅटरी? हो, दोन वाक्यांत. साधा ग्रीडला जोडलेला संच वीज गेली की बंद होतो, भर उन्हातसुद्धा, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलट्या विजेचा झटका बसू नये. खंडित विजेसाठी बॅटरी हवी असेल तर ती सोय म्हणून घ्या. नेट मीटरिंगमध्ये तिच्यातून एक पैसाही सुटत नाही. नेट बिलिंगमध्ये, खरेदीदर 100 आणि विक्रीदर 33 धरला, तर साठवलेल्या युनिटातलं 90 टक्के परत मिळतं, म्हणजे एका युनिटमागे फायदा 90 वजा 33, खरेदीदराच्या 57 टक्के. याला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या 6,000 चक्रांनी आणि रोज तुम्ही खरोखर वापराल तेवढ्या युनिटांनी गुणा, बॅटरीची किंमत त्यापेक्षा बरीच कमी असेल तरच पुढे जा. नाही, अध्यक्षमहाराज, दोनपेक्षा जास्त वाक्यं झाली. प्रश्न बाहेर चहाशी घेऊ, येताना विजेचं बिल आणा.