ठिपके आडवे का गेले?

(दृश्य : मुलांच्या वाढीचा तक्ता. वर चढत जाणाऱ्या वक्ररेषा आणि त्यांवर निळ्या पेनाचे ठिपके. नवव्या वर्षापर्यंत ठिपके एकाच रेषेवरून चाललेत. तिथून पुढं रेषा चढते, ठिपके आडवे जातात.)

निवेदन :

हा तक्ता कुण्या एका मुलाचा नाही. पण मुलांच्या पोटाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर असले तक्ते येत राहतात. मुलाला जुलाब नाहीत, शौचावाटे रक्त नाही. पोट अधूनमधून दुखतं; पण पोट कुठल्या मुलाचं दुखत नाही? शाळा बुडवायचं निमित्त म्हणून घरात ते हसण्यावारी जातं. जेवण कमी झालंय, आणि जेवलेलं अंगी लागत नाही. जंतांचं औषध देऊन होतं, टॉनिकच्या बाटल्या संपतात. दोन वर्षांत वर्गातली बाकीची मुलं उंचीनं पुढं निघून जातात, तेव्हा कुठं कुणाच्या तरी लक्षात येतं.

आतड्यांना सतत सूज ठेवणारा क्रोन्स हा आजार मुलांमध्ये असाही शिरतो. काहींची उंची आधी थांबते आणि पोटाची लक्षणं मागाहून येतात. मोठ्या माणसाची उंची कधीच ठरून गेलेली असते, त्यामुळे हा पुरावा मुलांच्याच शरीरात सापडतो.

उंची थांबते का? ‘खात नाही म्हणून’ हे उत्तर अर्धंच. सुजलेल्या आतड्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात उतरतात. ती भूक तर मारतातच. शिवाय पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक निघत असलं, तरी यकृत त्याला पुरेशी दाद देत नाही. हाडांना ‘वाढा’ म्हणून सांगणारा आयजीएफ-१ हा निरोप यकृताकडून जायचा असतो, तोच कमी पडतो. म्हणून सूज उतरेपर्यंत नुसतं भरवून भागत नाही.

(दृश्य : दुर्बिणीतून दिसणारं आतडं. गुलाबी, ओलसर अस्तर; मध्येच पांढरट व्रण; पुन्हा निरोगी अस्तर.)

आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बाउल डिसीज, या आतड्याला सतत सूज आणणाऱ्या आजारांच्या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता, गुदाशयापासून वर सलग पसरणारा, वरवरच्या अस्तरात राहणारा. त्यात रक्त आणि आव पडते, त्यामुळे तो सहसा लवकर ओळखू येतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, तुकड्यातुकड्यांनी होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम, हे प्रकरण वेगळं. नावात एका अक्षराचा फरक, पण आयबीएसमध्ये आतड्याला अशी सूज किंवा व्रण नसतात.

क्रोन्स हे नावही गमतीनंच पडलं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. लेखक तिघं : क्रोन, गिन्झबर्ग, ओपनहायमर. नावं वर्णानुक्रमानं छापली गेली आणि आजार क्रोन यांचा झाला. खरं तर ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅल्झिएल यांनी १९१३ मध्येच अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. ग्लासगो लक्षात ठेवा, तिथं परत यायचंय.

संशोधकांना मुलांमध्ये एवढा रस का? मोठ्या रुग्णाच्या आतड्यावर वर्षांचे थर असतात : सिगारेट, औषधं, शस्त्रक्रिया. सुरुवातीला काय बिघडलं, ते त्याखाली झाकलं जातं. मुलाच्या आतड्याची दुर्बिणीतून पहिली तपासणी होते, तेव्हा आजार नुकताच उभा राहिलेला असतो.

हाच धागा धरून अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी नव्यानं निदान झालेल्या मुलांचे नमुने, उपचार सुरू होण्याआधीच, गोळा केले. २०१४ मध्ये त्यातून आतड्यातल्या जिवाणूंचं चित्र पुढं आलं. एंटेरोबॅक्टेरिएसी कुळातले जिवाणू वाढलेले. फिकॅलिबॅक्टेरियमसारखे, अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट हे आम्ल बनवून आतड्याच्या पेशींना पोसणारे, घटलेले. अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत हा असमतोल आणखी जास्त. अस्तरातून घेतलेल्या बारीक तुकड्यांत तो स्पष्ट दिसला. शौचाच्या नमुन्यात तितका नाही. पोटाच्या आरोग्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या घरगुती चाचण्यांकडे बघताना मला हे वाक्य नेहमी आठवतं.

शौचाची एक चाचणी मात्र खरंच उपयोगी आहे : कॅलप्रोटेक्टिन. हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. आतड्यात सूज असली की शौचात वाढतं. संसर्गातही वाढतं, आणि तान्ह्या बाळांत मुळातच जास्त असतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. पण कुणाला दुर्बिणीची गरज आहे आणि कुणाला नाही, हे ठरवायला मोठी मदत होते.

(दृश्य : स्वच्छ टेबल. एका ओळीत मांडलेले पेले, प्रत्येकात दुधाळ द्रव. बाजूला रिकामं ताट.)

आता या गोष्टीतला मला सर्वांत चक्रावून टाकणारा भाग. क्रोन्स झालेल्या मुलाला सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद, फक्त तयार द्रवआहार. तोंडानं जात नसेल, तर नाकातून घातलेल्या नळीनं. बऱ्याच अभ्यासांत दहापैकी आठच्या आसपास मुलांचा आजार यानं शांत होतो. स्टेरॉइडही आजार दाबतात, पण वाढ खुंटवतात. द्रवआहारानं अस्तर जास्त चांगलं भरून येतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र हा उपाय चालत नाही.

हे होतं कसं? साधा अंदाज असा, की चांगले जिवाणू परत येत असतील. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं ते नेमकं उलट. द्रवआहारावर मुलं सुधारत होती, आणि फिकॅलिबॅक्टेरियम व ब्युटिरेट आणखी कमी होत होते! ज्यांना आपण रक्षक म्हणत होतो, ते कमी होत असतानाच सूज उतरत होती.

दुसरा धागा २००६ च्या एका चाचणीत आहे. ५० मुलं. निम्म्यांना फक्त द्रवआहार, बाकीच्यांना अर्धा द्रवआहार आणि सोबत मनाप्रमाणे जेवण. पहिल्या गटात ४२ टक्के मुलांचा आजार शांत झाला, दुसऱ्यात १५ टक्के. म्हणजे गुण द्रवात काय आहे याचा कमी, ताटातून काय वगळलं याचा जास्त असावा. या विचारातून काही पदार्थ वगळून बांधलेला क्रोन्स आहार आला. २०१९ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या मुलांवर त्याची चाचणी झाली. थोडा द्रवआहार, थोडं ठरवून दिलेलं खरं अन्न. मुलांना तो सोसला, आणि बाराव्या आठवड्यातही सुधारणा, आधी नुसता द्रवआहार घेतलेल्या मुलांपेक्षा, जास्त टिकली. आठ आठवडे वाढदिवसाचा केक नुसता बघत बसलेल्या मुलाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

सहा वर्षांच्या आत सुरू होणारा आजार कधी कधी वेगळाच निघतो. काही बाळांत एकाच जनुकातला दोष आजाराच्या मुळाशी असतो. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान मुलाला शंभरावर वेळा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागलं होतं. त्याच्या जनुकांचं वाचन झालं, एक्सआयएपी या जनुकात एक अक्षर चुकलेलं सापडलं, आणि २०१० मध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं. ही वाट थोड्यांसाठीच आहे.

बाकीच्यांसाठी टीएनएफला अडवणारी औषधं आली. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत मोठ्यांच्या क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली, मुलांसाठी २००६ मध्ये. आठ वर्षं! मुलांच्या वाढीचा जवळजवळ सगळा मोसम तेवढ्यात निघून जातो. ९१३ मुलांच्या २०१७ मधल्या अभ्यासात लवकर दिलेल्या अशा औषधानं आतड्याला भोक पडणं, भगंदर होणं कमी झालं. आतडं आक्रसून अरुंद होणं मात्र थांबलं नाही.

(दृश्य : पुन्हा तोच तक्ता. उपचारानंतरचे ठिपके वर वळतात, पण मूळ रेषा अजून लांब आहे. शेजारी प्रकाशपेटीवर डाव्या हाताचा एक्स-रे.)

सूज उतरली की ठिपके चढू लागतात. कधी नेहमीपेक्षाही वेगानं. किती चढतील, हे या एक्स-रेत दिसतं. बोटांच्या हाडांच्या टोकाशी ही काळी फट आहे ना, ती कूर्चेची. वयात येताना ती हळूहळू बुजते. या मुलाची अजून उघडी आहे.